लॅपटॉपच्या पोटातला कापूस

कळंबहून आम्ही बोलतोय. आजचा विषय पापड-लोणच्याचा नाही आणि शेळीपालनाचाही नाही. गटाच्या हिशेबाचा लॅपटॉप तापतो, त्याचा पंखा दिवसभर घोंघावत राहतो आणि ऐन कामात तो बंद पडतो. अशा वेळी काय पाहायचं, कोणत्या क्रमानं पाहायचं, ते आज सांगणार आहोत. "आपल्याला कुठं लॅपटॉप येतो" असं म्हणून रेडिओ बंद करू नका. जिनं कधी लॅपटॉप हाती घेतला नाही तिलाही हे जमेल, कारण यातलं पहिलं काम हाताच्या तळव्यानं करायचं आहे.

आधी आमच्यावर काय वेळ आली ते ऐका. आमच्या एका ग्रामसंघानं सगळ्या गटांच्या हिशेबासाठी एक लॅपटॉप घेतला होता. ग्रामसंघाला स्वतःची खोली नाही, म्हणून तो हिशेब लिहिणाऱ्या ताईच्या घरी राहायचा. दोन वर्षं बरा चालला. तिसऱ्या वर्षी एप्रिल लागला, मार्चअखेरचे हिशेब पुरे करायचे होते, आणि लॅपटॉप रुसला. सुरू केला की पाच मिनिटांत पंखा सुरू, अर्ध्या तासात बूड असं गरम की मांडीवर धरवेना, आणि मग काही न सांगता पडदा काळा. तीन वेळा भरलेले आकडे गेले.

मासिक बैठकीत कुजबुज सुरू झाली. "हा तं इस्त्रीवाणी तापून रायला ना वं," एकीनं म्हटलं. दुसरी म्हणाली, "काऊन नाई तापणार? पोरं सिनेमे पाह्यत असतीन." हिशेबाच्या ताईनं ते ऐकलं. ती उठून म्हणाली, "पैसे मी भरून देतो, पण माह्या लेकरायचं नाव घेऊ नका." एका दुकानदारानं तोवर सांगून टाकलं होतं की हा गेला, नवाच घ्या. नव्याचे चाळीस हजार. पेरणीच्या तोंडावर चाळीस हजार म्हणजे दोघी-तिघींच्या बियाण्या-खताचं कर्ज. तरी ठराव लिहायला घेतला होता. आणि आम्ही, ज्यांनी थांबवायला हवं होतं, आम्हीही मान हलवत बसलो होतो. पुढं काय झालं ते शेवटी सांगू. आधी हे यंत्र तापतं का, ते समजून घेऊ.

लॅपटॉपच्या आत एक चौकोनी चकती असते, तिला प्रोसेसर म्हणतात. सगळी आकडेमोड तीच करते आणि काम करताना ती तापते. हे बिघाडाचं लक्षण नाही, चालणाऱ्या प्रत्येक यंत्राचं असंच असतं. ती उष्णता बाहेर काढण्यासाठी चकतीवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. नळीच्या आत अगदी थोडं द्रव असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, ती गार टोकाकडे जाते आणि तिथं पुन्हा द्रव होऊन परतते. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं ना, तसंच. नळीच्या दुसऱ्या टोकाला कंगव्याच्या दातांसारख्या बारीक, जवळजवळ लावलेल्या पट्ट्या असतात. छोटा पंखा लॅपटॉपच्या बुडाच्या जाळीतून बाहेरची हवा ओढतो आणि या पट्ट्यांमधून फुंकतो. उष्णता घेऊन ती हवा बाजूच्या किंवा मागच्या फटीतून बाहेर पडते.

म्हणजे हे सगळं आपल्या चुलीच्या धुराड्यासारखं आहे. धुराडं मोकळं असलं की स्वयंपाकघरात धूर राहत नाही. धुराडं काजळीनं बुजलं की घर धुरानं भरतं, आणि बोलणी मात्र स्वयंपाक करणारीला बसतात.

चकतीचं तापमान वाढलं की पंखा जोरात फिरतो. तेवढ्यानं भागलं नाही तर यंत्र स्वतःच काम हळू करतं. म्हणून तापलेल्या लॅपटॉपवर एक फाइल उघडायला फार वेळ लागतो. बहुतेक प्रोसेसरची सोसण्याची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथवर पोहोचलं की जळून जाऊ नये म्हणून यंत्र स्वतःला बंद करतं. आमचं नेमकं हेच होत होतं. लॅपटॉप मेला नव्हता, तो स्वतःला वाचवत होता.

आता आपल्या भागाची एक अडचण लक्षात घ्या. पंखा खोलीतलीच हवा ओढतो, त्यामुळं लॅपटॉप खोलीपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. बहुतेक कंपन्या सोबतच्या पुस्तिकेत साधारण ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहितात. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. टिनाच्या खोलीत दुपारी त्याहून जास्त. तेव्हा उन्हाळ्यातल्या दुपारी पंखा जोरात चालला तर घाबरू नका. पण सकाळी गारव्यात, काही काम नसतानाही तो तसाच ओरडत असेल, तर मात्र तपासलं पाहिजे.

तपासायची पहिली रीत म्हणजे हाताची परीक्षा. लॅपटॉप टेबलावर ठेवून पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. मग गरम हवा बाहेर पडते ती फट शोधा. ती डाव्या किंवा उजव्या बाजूला असते, काहींची मागं पडद्याच्या बिजागरीपाशी असते. तिथं चार बोटं अंतरावर तळहात धरा.

हवा जोरात आणि चांगली गरम येत असेल, तर पंखा आणि वाट दोन्ही ठीक आहेत. मग एक तर यंत्रावर काम फार पडतंय किंवा ते ठेवलंय ती जागा चुकीची आहे.

पंखा ओरडतोय, पण हाताला हवा जेमतेम लागते, आणि बूड तर चटका देतंय, तर वाट बुजली आहे. आत कचरा आहे.

हवा जोरात येते, पण गार येते, आणि तरीही लॅपटॉप हळू चालतो किंवा बंद पडतो, तर उष्णता चकतीवरून तांब्याच्या नळीपर्यंत पोहोचत नाही. या दोघींच्या मध्ये मलमासारखी पेस्ट लावलेली असते. काही वर्षांनी ती सुकून भेगाळते.

लॅपटॉप तापलाय, पण आवाज नाही आणि हवाही नाही, तर पंखाच बंद पडला आहे. तो लगेच बंद करा आणि दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

आणि लॅपटॉप गार आहे, काम काही नाही, तरी पंखा सुरू केल्यापासून एकाच वेगानं फिरतोय, तर तापमान मोजणाऱ्या भागात किंवा आतल्या मांडणीत घोळ आहे. ते दुकानातलं काम.

बायांनो, एवढं जरी कुणाला सांगता आलं तरी अर्धं निदान झालं. "लॅपटॉप खराब आहे" हे आणि "पंखा फिरतो पण हवा बाहेर येत नाही" हे, या दोन वाक्यांत फार फरक आहे. दवाखान्यात "बरं नाही" म्हणण्याऐवजी "तीन दिवसांपासून थंडी वाजून ताप येतो" म्हटलं की डॉक्टरचं काम सोपं होतं, तसंच हे.

आता दुरुस्तीकडं येऊ. सुरुवात फुकटच्या उपायांनी करायची आणि खर्चाचं सगळ्यात शेवटी.

सगळ्यात आधी जागा. लॅपटॉपची हवा बुडातून आत जाते, आणि आपण त्याला ठेवतो कुठं? गोधडीवर, उशीवर, मांडीवरच्या पदरावर. कापडानं जाळी झाकली की यंत्राचं नाक दाबल्यासारखं होतं. कडक पाट किंवा टेबल घ्या. चार कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची एकसारखी चार झाकणं ठेवा. मात्र जाळीवर झाकण येऊ देऊ नका. बोटभर उंची मिळाली तरी हवा खेळते. मागची फट भिंतीला टेकवू नका. कूलर असलेल्या खोलीत बसायला हरकत नाही, पण थेट कूलरच्या तोंडासमोर नको, पाण्याचे तुषार आत जातात. उन्हाळ्यात हिशेबाचं मोठं काम सकाळी दहाच्या आत उरकून घ्या. आणि झाकण मिटलं म्हणजे लॅपटॉप बंद झाला असं समजू नका. तो कधी कधी आत जागाच असतो. तसाच पिशवीत भरून यवतमाळच्या बैठकीला नेला, तर पिशवीतच उकडून निघतो. नीट शटडाउन करा, दिवे विझल्याची खात्री करा, मगच पिशवीत घाला. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवून जाऊ नका.

त्यानंतर पाहायचं कामाचं ओझं. सगळ्या फाइली बंद करा आणि दहा मिनिटं थांबा, कारण सुरू झाल्यावर यंत्राची आपली आवराआवर चालू असते. मग कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडते. त्यात सीपीयू असं लिहिलेल्या रकान्यावर एकदा क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारं नाव वर येतं. काही काम नसताना सीपीयूचा एकूण आकडा दहा टक्क्यांच्या आसपास किंवा खाली बसला पाहिजे. तो ५०-६०च्या वरच राहत असेल, तर वरचं नाव वहीत लिहून घ्या.

बहुतेकदा तिथं ओळखीचीच मंडळी सापडतात. इंटरनेटच्या खिडकीत उघडून ठेवलेली वीस पानं असतात, ती मिटा. विंडोजचं अपडेट चालू असेल तर मधे तोडू नका. सकाळी गारव्यात वीज आणि नेट दोन्ही असताना ते पुरं होऊ द्या, मग आपोआप शांत होतं. दोन-दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवा. दोघे एकमेकांवर पहारा देत बसतात आणि यंत्र दमतं. कुणी फुकटचं म्हणून चोरीचं सॉफ्टवेअर टाकलं असेल, तर त्याच्यासोबत असा एखादा प्रोग्राम येऊ शकतो, जो आपलं यंत्र राबवून दुसऱ्यासाठी कमाई करतो. टास्क मॅनेजरमध्ये अनोळखी नाव सतत वर दिसलं तर जाणकाराला दाखवा. स्वतःहून काही पुसू नका, विंडोजचीही काही नावं विचित्रच असतात.

आणखी एक सोपी गोष्ट. सेटिंगमध्ये सिस्टीम, त्यात पॉवर, आणि तिथं पॉवर मोड असतो. जुन्या विंडोजमध्ये बॅटरीच्या चित्रावर क्लिक केलं की एक सरकपट्टी दिसते. ताकदीऐवजी वीज वाचवण्याकडं तो ठेवा. एक्सेलमधल्या बचत-कर्जाच्या नोंदींना तेवढी ताकद पुरते, यंत्र कमी तापतं आणि बॅटरीही जास्त वेळ टिकते.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर उरते ती साफसफाई. बाहेरची साफसफाई आपण करू शकतो. लॅपटॉप शटडाउन करा, चार्जर काढा, अर्धा तास गार होऊ द्या. मग रंगकामाच्या मऊ कोरड्या ब्रशनं बुडाची जाळी आणि बाजूची फट झाडून घ्या. ओलं फडकं नको. तोंडानं फुंकर नको, थुंकी उडते. आणि पंक्चरच्या दुकानातली हवा तर मुळीच मारू नका. तिच्या टाकीत पाणी साचलेलं असतं आणि जोर इतका असतो की पंख्याची पाती मोडतात.

मात्र ही वरवरची झाडलोट पुष्कळदा पुरत नाही, कारण मुख्य कचरा बाहेर दिसतच नाही. पंखा आणि त्या कंगव्यासारख्या पट्ट्या यांच्या मधल्या सांदीत तो अडकतो. बाहेरून पाहिलं तर जाळी स्वच्छ, आत मात्र वाट बंद. बाहेरून हवा मारली तर तो उलटा पंख्यात जाऊन बसतो. तो काढायला बूड उघडावंच लागतं.

उघडण्याआधी हमीपत्र पाहा. हमीची मुदत शिल्लक असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रातच न्या. मुदत संपली असेल तर जाणकाराकडून करून घ्या. दुकानात द्यायचं असेल तर चार गोष्टी विसरू नका. हिशेबाच्या सगळ्या फाइली आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. बँकेचे पासवर्ड आणि ओटीपी कुणालाही देऊ नका. साफसफाईसाठी ते लागत नाहीत. लॅपटॉप, चार्जर, पिशवी काय काय दिलं ते पावतीवर लिहून घ्या. आणि नेमकं सांगा, "पंखा आणि पट्ट्या साफ करा, पेस्ट बदला, आमच्यासमोर करा." नवा घ्या म्हणणाऱ्याला विचारा, "उघडून पाहिलं का?"

मैत्रिणींनो, एका गोष्टीत मात्र घरगुती उपाय नाही. ती म्हणजे बॅटरी. लॅपटॉपच्या लिथियम बॅटरीला उष्णता सोसत नाही. वारंवार तापली की ती कधी कधी फुगते. बोटानं बाण हलवायची पट्टी वर उचललेली दिसते, बुडाच्या कडा उघडतात, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो. असं काही दिसलं तर लगेच बंद करा आणि चार्जर काढा. दाबू नका, टोचू नका, पुन्हा चार्ज करू नका. ती पेट घेऊ शकते. आपल्याकडं दिवाळीपासून कापूस घरात येतो आणि भावाची वाट पाहत पुढचे कित्येक महिने खोलीत छतापर्यंत भरून राहतो. त्या खोलीत लॅपटॉप किंवा मोबाइल चार्जिंगला लावून झोपणं म्हणजे गंजीशेजारी चूल पेटवणं. हे आजच घरी पाहा. चार्जिंगची जागा कापसापासून दूर हलवा.

आणि कापसाचं नाव निघालंच आहे, तर आमच्या लॅपटॉपचं काय झालं ते सांगतो.

ठराव लिहायला घेतला तेव्हा एका सदस्येची मुलगी तिथं बसली होती. तंत्रनिकेतनात शिकते, सुटीला आली होती. ती म्हणाली, "काकू, चाळीस हजार देण्याआधी उघडून तर पाहू." तिनं फटीपाशी हात धरला. पंखा बोंबलत होता आणि हवा नाहीच. मग आम्हा सगळ्यांचे हात एकेक करून तिथं लावले. हमी संपलेली होती, फाइली पेन ड्राइव्हवर उतरवल्या होत्या. तिनं सतरंजीवर पांढरा कागद अंथरला, बुडाचं चित्र काढलं आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथं कागदावर ठेवला, कारण सगळे एका लांबीचे नसतात. सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली. मग पंख्याचं झाकण काढलं, पातं काडीनं अडवून धरलं आणि चिमट्यानं सांदीतून एक पट्टी ओढून काढली.

ती पट्टी बोटभर लांब आणि करड्या रंगाची होती, नमद्यासारखी दाबून बसलेली. हातात घेऊन उलगडली तर तो कापूस. आमचाच कापूस.

हिशेबाच्या ताईचं घर दोन खोल्यांचं. दिवाळीनंतर एक खोली कापसानं भरलेली, आणि त्याच खोलीच्या दारात, एका दिव्याखाली बसून ती रात्री आमच्या गटांचे हिशेब लिहायची. कापूस हलवला की बारीक तंतू हवेत उडतात. पंखा ते ओढत होता आणि पट्ट्यांपाशी साठवत होता. दोन हिवाळे तसे गेले, आणि तिसऱ्या उन्हाळ्यात वाट बंद झाली. पोरांच्या सिनेमाचा यात काही संबंध नव्हता. तिच्याकडं लॅपटॉप ठेवायचं आपणच ठरवलं होतं. कुठं ठेवशील, जागा आहे का, हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं. आम्हीही नाही.

कचरा निघाला, नवी पेस्ट लावली, बूड बसवलं. पेस्ट, ब्रश आणि मुलीचा जाण्यायेण्याचा खर्च मिळून चारशे रुपयांच्या आत काम झालं. त्या रात्री पंखा सुरू झाला आणि थोड्या वेळानं आपोआप शांत झाला. तो शांत झाल्यावर बैठकीतही सगळ्या शांत बसल्या. मग जी बाई सिनेमाचं बोलली होती तीच उठली, ताईजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "चुकलं माहं." आम्हीही तेच म्हटलं.

चाळीस हजारांचा ठराव खोडला आणि दुसरा लिहिला. लॅपटॉप आता अंगणवाडीजवळच्या एका सदस्येच्या घरी लोखंडी टेबलावर राहतो. त्या घरात कापूस भरत नाहीत. ताई तिथं जाऊन काम करते. दर महिन्याच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजण्याआधी एक जण फटीपाशी हात धरून पाहते. दिवाळीनंतर आणि होळीनंतर, वर्षातून दोनदा, ब्रश फिरतो. वर्षातून एकदा बूड उघडलं जातं. दर आठवड्याला फाइली पेन ड्राइव्हवर जातात. गटाच्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र अद्ययावत हिशेबाचं आहे. ज्या यंत्रावर तो हिशेब लिहितो, त्याची काळजी त्याच सूत्रात मोडते असं आम्ही आता मानतो.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या गटाचा लॅपटॉप तापत असेल, तर या आठवड्यात एवढंच करा. त्याला कापडावरून उचलून टेबलावर ठेवा, पंधरा मिनिटं चालू द्या आणि फटीपाशी हात धरा. हाताला काय लागलं ते वहीत लिहा. बैठकीत ते वाचा. आणि लॅपटॉप जिच्या घरी राहतो, तिला आधी एक प्रश्न विचारा, "ताई, तुह्याकडं ठेवायला जागा आहे ना?"

येतो आम्ही. नमस्कार.